तेरा रायवळ झाडं

“ही झाडं काय तुमच्या बापाची आहेत का?” ग्लेन म्हणाला.

“बापाचीच आहेत,” तुल्लियो म्हणाला. “तुझ्या बायकोच्या आजोबाची. विचार जा तिला.”

ग्लेन म्हणजे तुल्लियोच्या पुतणीचा नवरा. नारिंगी रंगाचा फवारा हातात घेऊन सकाळपासून तो कुंपणापलीकडच्या चेस्टनटच्या झाडांवर फुल्या मारत सुटला होता. तेरातल्या नऊ मारून झाल्या होत्या. दहाव्यापाशी तो थांबला, पण तुल्लियोला घाबरून नाही. तुल्लियो एक पाय तारेवर देऊन उभा होता, आणि अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा पाय गोठलेल्या तारेवरून सटकला तर खाली मर्टलफर्डच्या डॉक्टरपर्यंत गाडी आपल्यालाच हाणावी लागेल, एवढं ग्लेनला कळत होतं.

जुलै महिना, ऑस्ट्रेलियातली ऐन थंडी. गवतावरचं दव मिठासारखं कडक झालेलं. चाललं की बुटाखाली कुरकुर वाजत होतं.

“रस्ता इथूनच जाणार,” ग्लेन म्हणाला. “मागं पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधतोय. वरच्या अंगाला खडक आहे, फोडायला परवडत नाही. दुपारी दोनला माणूस येतोय करवत घेऊन. संध्याकाळपर्यंत सगळी आडवी.”

“वारा अडतो यांच्यानं.”

“अडत नाही. मी इथंच उभा आहे, माझे कान गळायला आलेत.”

“काकाकुवा. हे काकाकुवा ही फळं खातात म्हणून माझ्याकडे येत नाहीत. ही काढलीस की सगळा थवा माझ्या झाडांवर.”

“मग बंदूक घ्या. काका, खरं काय ते बोला ना. फळ हे एवढंसं, साल निघता निघत नाही, डुक्करसुद्धा तोंड वाकडं करतं. यांच्यात तुमचं काय अडकलंय?”

खरं कारण तुल्लियोच्या जिभेवर आलं होतं. आलं, थांबलं, आणि वळून पोटात गेलं. त्याच्या जागी राग वर आला. राग त्याला नेहमीच सोपा जायचा.

“काढ,” तो म्हणाला. “मुळासकट काढ. माझं काय जातंय.”

पाय तारेवरून उचलला आणि पाठ फिरवून चालायला लागला. मागे फवारा फुसफुसला. दहावी फुली.

त्याचं सगळंच जात होतं.

तुल्लियोच्या बाजूला मारोनेची चाळीस झाडं होती. मारोने म्हणजे चेस्टनटातला हापूस म्हणा. मोठं फळ, गोड, आत एकच गर, साल चिमटीत धरली की उतरते. सगळी बापानं हातानं बांधलेली कलमं. कुंपणापलीकडं धाकट्या भावाच्या, रिनोच्या, बाजूला ही तेरा. बी पेरून आलेली, कलम नाही, नाव नाही. रायवळ. पण मारोनेची एक खोड असते. त्याला तुरे येतात, लोंबतात, सगळं दिसायला व्यवस्थित. झटकून बघा, बोटाला पिवळं काही लागत नाही. पराग नाहीच. तो दुसऱ्या जातीच्या झाडाकडून यावा लागतो, वाऱ्यावर. आणि त्या डोंगरमाथ्यावर पराग देणारी झाडं तेवढी तेराच होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा वाटणी घरच्या रिवाजानं झाली. धाकट्यानं वाटे पाडायचे, थोरल्यानं आधी उचलायचं. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. रिनोनं रेघ मारली ती बरोबर दोन्ही जातींच्या मधून. एकीकडे मारोने, दुसरीकडे घर, थोडी सफरचंदं आणि रायवळ रांग. तुल्लियोनं क्षणभरही विचार केला नाही, मारोने उचलली. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे सोयरे बसलेले असताना त्यानं वाइन ओतली आणि म्हणाला, “रिनो, बापाला पुरताना डोकं पण त्याच्याच पेटीत ठेवलंस की काय? मला सोनं दिलंस आणि स्वतःला डुकराचं खाणं.” सगळे हसले. तुल्लियो सगळ्यांत जोरात हसला.

बाप ही झाडं वाढवत होता त्या वर्षांत तुल्लियो मेलबर्नला मोटारींच्या कारखान्यात दरवाजे बसवत होता. त्याला झाडातलं काय कळणार. पुढच्या एप्रिलात स्वतः वाकून फळं वेचायला लागला तेव्हा कळलं. कुंपणाजवळच्या ओळीतली काटेरी बोंडं जड, एकेकात तीन फळं. चौथ्या ओळीत एखादं. आठव्या ओळीत बोंड उचललं की हाताला वजनच नाही. आत कागदासारख्या चपट्या साली. डिसेंबरात फुलोरा आला तेव्हा त्यानं चाळीसही झाडांचे तुरे बोटांवर झटकून पाहिले. मग कुंपणापलीकडं हात घालून एक रायवळ तुरा झटकला. हात मनगटापर्यंत पिवळा झाला.

म्हणजे आपण सोनं उचललं आणि किल्ली भावाकडे राहिली. आणि वर आपणच हसलो.

हे कोणाला सांगायचं? पुढच्या जुलैत, डुक्कर मारून सॉसेज भरायच्या दिवशी, त्यानं सॉसेजचं यंत्र कोणाचं यावरून भांडण काढलं. यंत्र खांद्यावर टाकून चालता झाला, तो परत त्या घरात गेला नाही. खालच्या खोऱ्यात अजून सांगतात, झानोला घरातले दोघे भाऊ सॉसेजच्या यंत्रापायी तुटले. ते यंत्र त्यानं नंतर कधी वापरलंच नाही. एकट्यासाठी सॉसेज कोण भरतो.

एकट्यासाठी त्यानं झाडं मात्र लावली. रिनोच्या वाऱ्यावर जगायचं नाही, आपला पराग आपल्या जमिनीत उभा करायचा. पहिलं आणलं ते जपानी रक्ताचं झाड. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, भरभर वाढतं. वाढलं. ऑक्टोबर लागताच फुटायला लागलं, आणि इथं अर्धा नोव्हेंबर जाईपर्यंत दव गोठतं. कोवळी पालवी सकाळी उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी. तीन वसंत करपलं, चौथ्याला उठलंच नाही. दुसरं फ्रेंच नावाचं. थंडीला चिवट, उशिरा फुटणारं, सगळं बरोबर. पण त्याचे तुरे उघडायचे जानेवारी लागल्यावर, तोवर मारोनेची मादी फुलं वाट बघून सुकलेली. तिसरं स्वतः कलम बांधलं, ब्राइट गावच्या एका माणसाकडून काडी आणून. खुंट चुकीचा निवडला. कलम लगेच मेलं असतं तर बरं. सहा वर्षं डोलत उभं राहिलं, तुरे धरले, आणि एका वाऱ्याच्या दुपारी सांध्यावर साफ मोडलं. आतला सांधा कधी जुळलाच नव्हता. नुसते चिकटून उभे होते दोघं.

त्यानंतर त्यानं नाद सोडला. सगळे मिळून सव्वीस फुलोरे तो रिनोच्या वाऱ्यावर जगला.

शेगडीवर कालची मक्याची पोलेंता होती. एकट्यापुरती पोलेंता करता येत नाही, पातेलं ऐकतच नाही. मग तीन दिवस तिचेच काप तळून खायचे. तुल्लियोनं काप तव्यात टाकले आणि दारावर थाप पडली.

पुतणी लोरेटा. बापाला वृद्धाश्रमात ठेवलं होतं, त्याचं घर रिकामं करत होती, केसांत जाळी, हातमोजे. नऊ वर्षांची असताना तिला काकाच्या दारात यायची बंदी झाली होती. आता चौतीस वर्षांची होती आणि पहिल्यांदा आत आली. भिंतींकडे बघितलं. डुगडुगणाऱ्या तीन खुर्च्यांकडे, त्यांतल्या एकाच झिजलेल्या खुर्चीकडे.

“ग्लेनशी भांडलात म्हणे.”

“भांडलो नाही. काढ म्हणून सांगितलं.”

“तो म्हणतो, म्हातारा खोटं बोलत होता पण कशाबद्दल ते कळलं नाही.” ती बसली नाही. “काका, एप्रिलात बाबांनी जमीन माझ्या नावावर केली ना. अर्धांगाचा झटका आल्यावर. सही करताना ते एकच बोलले. रायवळ रांग कोणी मागायला आलं तर ठेवायची. कोणी नाही आलं तर काढून टाक.”

तव्यातला काप करपत होता. तुल्लियोनं उलटला नाही.

“मी विचारलं, कोण येणार आहे. म्हणाले, येईल तो येईल. काका, मी तीन महिने थांबले. ‘कोणी’ म्हणजे कोण हे मला कळत नाही असं नाही.”

“मग तूच ठेव ना. जमीन तुझी आहे.”

“नाही,” लोरेटा म्हणाली. “बाबांनी मागायला सांगितलंय. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. तुम्ही खाली जाऊन बाबांना भेटून आलात एवढं मला पुरे, ग्लेनला मी बघते. पण दोनच्या आत परत या. करवतवाल्याचे तास सुरू झाले की ग्लेन माझ्या बापाचं पण ऐकणार नाही. आणि फोनबिन करू नका. घरचा फोन तोडलाय, आणि मोबाईल लागायला मला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.”

ती गेली. तुल्लियोनं गॅस बंद केला. मग आरशासमोर उभं राहून दाढी केली, हनुवटीला दोन ठिकाणी कापलं.

डोंगर उतरायला पाऊण तास लागतो. वृद्धाश्रमाच्या आवारात तो सव्वाबारालाच पोचला आणि साडेबारापर्यंत गाडीतच बसून राहिला. लायसनची तारीख बघितली. पायपुसणी झटकली. एक बाई चाकाच्या खुर्चीतल्या नवऱ्याला उन्हात फिरवत होती, तिची तिसरी फेरी झाली तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“तुम्ही त्यांचे कोण?” टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

“शेजारी,” तुल्लियो म्हणाला.

“बरं झालं आलात. मुलगी येते रविवारी, बाकी कोणी नाही. ते बोलतात दिवसभर, पण नुसतं पुटपुटणं हो. झटक्यात त्यांचं इंग्रजी सगळं गेलं, आता काय बोलतात काही कळत नाही. आम्ही आपलं हो हो म्हणतो.”

खोली शेवटची. रिनो खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसवलेला होता, डावा हात उशीवर कोणी विसरून गेल्यासारखा ठेवलेला. केवढासा झाला होता. ओठ हलत होते. तुल्लियो दारात थांबून ऐकत राहिला. पुटपुटणं कुठलं. आपली इटलीतल्या वेनेतोच्या खेड्यातली बोली होती, आईची, शब्दन्‌शब्द स्वच्छ.

“पाठीला वारा लागतोय,” रिनो म्हणत होता. “खिडकी लावता का कोणी. पाठीला वारा लागतोय.”

तुल्लियो आत गेला आणि खिडकी लावली. ओठ थांबले.

“सत्तावीस वर्षं लागली,” रिनो म्हणाला, “एक खिडकी लावायला.”

“रस्त्यात गर्दी होती.”

रिनोच्या तोंडाची उजवी बाजू हलली. डावी हलली नाही, त्यामुळे हसला की नाही ते सांगता आलं नसतं.

“बस, थोरल्या.”

तुल्लियो पलंगाच्या काठावर बसला. “बारीक झालास.”

“तुझं पोट दोघांना पुरेल. कशाला आलास?”

“सहज.”

“सहज येणारा दाढी करून येत नाही. रक्त पूस.”

तुल्लियोनं हनुवटी पुसली. घड्याळ दारावर होतं. पावणेएक.

“ग्लेन ती रायवळ झाडं पाडतोय,” तो म्हणाला.

“पाडू दे. डुकराचं खाणं आहे. तूच म्हणाला होतास.”

“रस्ता दुसरीकडून नेता येईल.”

“खडक आहे तिथं.”

“काकाकुवा आहेत ना, ते ह्या झाडांवर...”

“तुल्लियो,” रिनो म्हणाला. एवढंच.

बाहेर कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत होतं, चमचे वाजत होते. सव्वीस वर्षं ज्या वाक्याला तो भीत होता ते वाक्य त्यानं बुटांकडे बघत म्हटलं. “तुझ्या झाडांवाचून माझी बोंडं रिकामी राहतात. माझ्या झाडांत पराग नाही. तुझी ठेव.”

काही झालं नाही. चमचे तसेच वाजत राहिले.

“कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या वर्षीच कळलं.”

“मला वाटायचं तुला कळलंच नाही. मग तू ते जपानी लावलंस. तेव्हा म्हटलं, अच्छा, साहेबांना कळलंय.”

“बघत होतास?”

“दुसरं काय होतं तिथं बघायला? सफरचंद? ते ऑक्टोबरात फुटलं तेव्हाच म्हटलं, हे पोर मरणार. कुंपणापर्यंत आलो होतो सांगायला.”

“मग?”

“तू गोणपाट गुंडाळत होतास त्याला. रडत होतास की सर्दी होती कोण जाणे. परत गेलो.” रिनोनं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेतला. “बाबांनी ती तेरा कशी काढली, माहीत आहे तुला? नाही. तू दरवाजे बसवत होतास. दोनशे बिया पेरल्या होत्या, मुद्दाम खालच्या खोलगटात, जिथं सगळी थंडी गोळा होते तिथं. जी लवकर फुटली ती दवानं खाल्ली. जी फारच उशिरा फुलली ती बाबांनी उपटली, मारोनेच्या कामाची नाहीत म्हणून. नऊ वर्षं हेच. तेरा उरली, ती वर आणून लावली. जाड भिंगाच्या चष्म्यातून फुलं मोजायचे. मी वही धरायचो. तू तीन झाडांत थकलास.”

“म्हणजे रेघ मारलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं.”

“होतं.”

“फसवलंस.”

“ऐक आधी. एकदा तरी ऐक.” रिनोला धाप लागली. “फळ तुझ्याकडे, पराग माझ्याकडे. म्हणजे एकट्याचं कोणाचंच भागलं नसतं. दोघांनी मिळून करायचं, कुंपण घालायचंच नाही, असं होतं माझ्या डोक्यात. जेवण झाल्यावर सांगणार होतो. तू आधी हसलास.”

तुल्लियोनं पलंगावरची चादर सरळ केली. बोलण्यासारखं जे होतं ते सत्तावीस वर्षांपूर्वी बोलायचं होतं.

“एकदा मी करवत चालू केली होती,” रिनो म्हणाला. “माझी अॅना वारली त्या वर्षी. पहिल्या झाडाला लावली पण. साल कापली गेली, अजून वण आहे. मग वाटलं, ही गेली तर हा एप्रिलात काय वेचणार? आणि मी खिडकीतून काय बघणार?” तो थांबला. “जा, सांग लोरेटाला. ठेवा म्हणावं. आला होता मागायला.”

दारावरचं घड्याळ एक वाजून पाच मिनिटं दाखवत होतं. तुल्लियो उठायला गेला तेवढ्यात टेबलामागची ती मुलगी ताट घेऊन आली, आणि जाताना खुशीत म्हणाली, “बघा, शेजाऱ्याशी कसे छान गप्पा मारतायत.” रिनोनं विचारलं, काय म्हणाली. तुल्लियोनं सांगितलं. रिनो म्हणाला, हिला सांग की सूपमध्ये मीठ नसतं. तुल्लियोनं सांगितलं. मुलीनं तोंडावर हात ठेवला आणि धावत जाऊन मीठ आणलं.

मग रिनो सुटलाच. तीन महिन्यांचं बोलणं साठलेलं, बांध फुटल्यासारखं यायला लागलं. शेजारच्या खोलीतला म्हातारा त्याची चप्पल चोरतो. दाढी करताना ही पोरं उलटा हात चालवतात. रात्री पाय दुखतो, तो मेलेला पायच दुखतो, हे कोणाला सांगायचं, सांगितलं तर हो हो म्हणतात. आपल्या खोऱ्यातला बेप्पी आहे का अजून? आणि त्याची बहीण, जी तुझ्यावर मरत होती ती? गेली? कधी? मला कोणी सांगितलं नाही. आईची ती भोपळ्याची भाजी, तिच्यात काय घालायची रे ती, मला आठवत नाही, रोज आठवायला बसतो. दालचिनी की जायफळ?

“जायफळ,” तुल्लियो म्हणाला.

“जायफळ,” रिनो म्हणाला आणि डोळे मिटले. “जायफळ. बरोबर. अरे, लोरेटाला आपली बोली थोडी कळते, पण धड बोलता येत नाही. चार शब्द टाकते आणि मग हात हातात घेऊन बसते. तू आता ये. उद्या नको आलास तरी चालेल, आत्ता थांब जरा. अजून पुष्कळ आहे. तुला सांगतो, त्या बाराव्या झाडाचं...”

एक वाजून अठरा मिनिटं. पाऊण तास चढ, वर वळणांवर सावलीत अजून बर्फ. आत्ता निघून जोरात हाणली तरी धड दोनला पोचतो की नाही. रिनोनं कधी धरली होती कोण जाणे, तुल्लियोच्या कोटाची बाही त्याच्या चांगल्या हातात होती, आणि बोटं इतकी घट्ट की सांध्यांवर पांढरी झाली होती. बोलणं थांबत नव्हतं. बाराव्या झाडावरून बापाच्या चष्म्यावर गेलं, चष्म्यावरून आईवर.

तुल्लियोनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

“रिनो,” तो म्हणाला. “सोड. मला निघायला हवं आता.”